चौघे एकत्र बसले की

चामराजपेठ, बंगळूर
१५ जून १९५९

रा. रा. खांबेटे यांस,
सा. न. वि. वि.

काल बस बंद पडल्यावर तुम्ही मला हेब्बाळहून स्कूटरवर घरी सोडलेत, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. तुमचा कारखान्यातला पत्ता हयवदनाकडून घेतला. हयवदन म्हणजे माझा थोरला भाऊ. तुम्ही त्या बसला मराठीतून शिवी दिलीत म्हणून तो आनंदाने तुमच्याकडे धावला आणि “माझ्या बहिणीला घेऊन जा” असे त्यानेच तुम्हाला सांगितले. हे आवर्जून लिहिते, कारण आता त्याला ते आठवत नाही.

घरी पोचले तेव्हा सगळे ठीक होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “बरे झाले, अंधाराच्या आत आलीस.” गोदूअत्या रागावली, पण तुम्हाला कॉफी न विचारता दारातून परत धाडले म्हणून. भीमाचार्य काकांनी नुसते “हं” केले आणि ते संध्येला बसले.

मग हयवदन सामान घेऊन आला, फराळ झाला आणि चौघे हॉलमध्ये बसले. अत्या एवढेच म्हणाली की समोरच्या घरातून पाहत होते. अण्णा म्हणाले, पाहू देत, पण मुलगा कोण, कुठला? काका म्हणाले, मुलगा राहू दे, गोत्र कोणते? हयवदन म्हणाला की मी बसवले हे खरे, पण हिने नको म्हणायला हवे होते. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा स्वल्प जास्तच बोलत होता. झोपायच्या वेळेपर्यंत ठरले की मी यापुढे कोणाही परक्या पुरुषाच्या वाहनात बसायचे नाही. आमच्या शाळेला जाणाऱ्या जटक्याचा, म्हणजे घोडागाडीचा, गाडीवान चांगला वृद्ध आहे, पण तोही परका पुरुषच. आज मी शाळेत चालत आले.

हयवदन तुमचे गोत्र विचारायला येईल. हसू नका, सांगून टाका. उत्तर पाठवायचे तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

नीरजा नरसिंहराव

---

हलसूर
२२ जून १९५९

कु. नीरजाबाई यांस,
स. न. वि. वि.

हयवदनराव येऊन गेले. एकटे होते तेव्हा फार सज्जन वाटले. गोत्राचं विचारायला विसरले, स्कूटर पाहत बसले. मीच आठवण करून दिली. मग पंचाईत अशी झाली की मला माझं गोत्र आठवेना. पुण्याला आईला पत्र टाकलंय.

तुमच्या हॉलचं वाचून मला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. इथे हलसूरला आम्ही तिघे एका घरात मेस करून राहतो. मी, मधुकर आणि बिंदुमाधव, तिघेही एकाच कारखान्यात. मधुकरला मी सकाळी दाढी करताना ही हकीकत सांगितली, तर तो म्हणाला, “पोचली ना नीट? मग झालं.” बिंदूनं स्कूटर दोघांच्या वजनानं किती पेट्रोल पिते ते विचारलं. रात्री मात्र तिघे जेवायला बसलो आणि बिंदू सहज म्हणाला की बिचारीला चालत जावं लागतं. मधुकर म्हणाला, प्रश्न एका मुलीचा नाही. ताक येईपर्यंत प्रश्न समाजाचा झाला होता आणि पानं उचलताना असं ठरलं की मी तुमची सुटका केली पाहिजे. कशापासून, असं मी विचारलं. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो.

काळजी नसावी. हे लोक ठरवतात फार, करत काही नाहीत.

चंद्रकांत खांबेटे

---

चामराजपेठ
२४ जुलै १९५९

श्री. चंद्रकांत खांबेटे यांस,

तुमच्या आईंनी कळवलेले गोत्र हयवदनाने घरी सांगितले. त्यात दोष काही नव्हता. पण ते सांगायला पुन्हा हॉलमध्ये बैठक भरली हा दोष झाला. कोणी तरी म्हणाले, गोत्र विचारले म्हणजे आपण स्थळ पाहतो आहोत असे त्यांना वाटेल. दुसरे म्हणाले, कांदा खाणाऱ्यांचे स्थळ? तिसरे म्हणाले, हे सगळे तिला घरात ठेवल्याने होते आहे. कोण काय म्हणाले ते आता त्यांनाही सांगता यायचे नाही. हॉलमध्ये माणसे वेगळी राहत नाहीत, एकच मोठे माणूस होते आणि ते माणूस फार कडक आहे.

निकाल असा. मी शाळेची नोकरी सोडायची. होसकोट्याला आप्पाजी म्हणून एक विधुर आहेत, त्यांची भाताची गिरणी आहे, वय चाळीसच्या पुढे. चातुर्मास संपला की मार्गशीर्षात माझे लग्न त्यांच्याशी. मी हॉलच्या दारात उभी राहून “मला नको” म्हणाले. काका म्हणाले, पाहिलेत, एका स्कूटरने काय होते ते.

शाळेतला पत्ता आता उपयोगाचा नाही. लिहायचे असेल तर घरी लिहा, आणि पाकिटावर पाठवणारीचे नाव हेमलता घाला. हेमलता माझी जुनी मैत्रीण आहे असे मी आजच ठरवले.

नीरजा

---

हलसूर
३ ऑगस्ट १९५९

प्रिय नीरजा,

तुमचं पत्र वाचलं आणि सगळं ध्यानात आलं. ओळींच्या मधलं मी वाचू शकतो. तुम्ही स्पष्ट लिहिलं नाहीत, लिहिणं शक्यही नव्हतं, पण तुम्ही माझी वाट पाहताय. मी तयार आहे. रजिस्ट्रारकडे नोटीस देता येते, साक्षीदार म्हणून मधुकर आणि बिंदू आहेतच. हुंडा नको, मानपान नको, भटजी नको, अक्षतासुद्धा नकोत, कारण देशात तांदळाची टंचाई आहे. (हा मुद्दा मधुकरचा, पण मला पटला.) पुण्याच्या घराशी संबंध तोडावा लागला तरी मी मागे हटणार नाही. तुम्ही एका पिशवीत चार कपडे भरून ठेवा.

आपला,
चंद्रकांत
(पाकिटावर हेमलता लिहिलं आहे.)

---

चामराजपेठ
१९ ऑगस्ट १९५९

श्री. खांबेटे यांस,

तुमच्या आईंनी तुमचे काय केले आहे, की ते घर तोडायला निघालात? त्यांनी फक्त गोत्र कळवले होते.

ओळींच्या मध्ये मी काही लिहिलेले नाही. मध्ये कोरा कागद असतो. मी सुटका मागितली नव्हती, पाकिटावर हेमलता लिहा एवढे मागितले होते. मला आप्पाजी नको आहेत हे खरे. त्यावरून तुम्ही हवे आहात असे कसे निघाले? मला वाटले होते या सगळ्यात तुम्ही तरी एकटे आहात, तुमच्याशी बोलता येईल. तर तुमच्याही घरी एक हॉल निघाला.

रविवारी तुमचे मधुकर आणि बिंदुमाधव आमच्या घरी आले होते. तुम्हाला हे माहीत आहे की नाही मला ठाऊक नाही. मधुकरांनी उभ्यानेच भाषण केले, त्यात तीन वेळा “सरंजामशाही” आले. बिंदुमाधवांनी अत्याने दिलेली कॉफी आधी नाकारली आणि मग प्यायली. शेवटी मधुकर म्हणाले, “मुलगी सज्ञान आहे, मुलगा तयार आहे, तुमची संमती आम्हाला नको.” मी आतल्या खोलीत होते. माझीही संमती कोणी विचारली नाही. ते गेल्यावर बैठक झाली आणि आता मी पुढच्या अंगणातही जायचे नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तुमचे पत्र अण्णांनी मला आणून दिले. आजूबाजूला कोणी नव्हते. म्हणाले, “तुझ्या हेमलतेचे अक्षर फार इंजिनियरसारखे आहे ग.” आणि टोपी घालून कचेरीला गेले. हे उत्तर अत्या टाकणार आहे. देवळाला जाताना पदराखालून नेते म्हणाली, पण कोणाला सांगू नको, सगळे माझ्यावर उठतील.

नीरजा

---

हलसूर
२ सप्टेंबर १९५९

नीरजाबाई यांस,
स. न. वि. वि.

मी गाढव आहे. याला कोणाचीही संमती लागणार नाही.

ते दोघे तुमच्याकडे आले तेव्हा मी कारखान्यात रविवारच्या पाळीला होतो. घरी आलो तर दोघे विजयी चेहऱ्यानं बसलेले. भांडण नीट करायचं म्हणून मी एक युक्ती केली. मधुकरला एकट्याला घेऊन तळ्याकाठी फिरायला गेलो आणि विचारलं, बाबा रे, तुला हे खरंच वाटतं का? तो बराच वेळ पाण्यात खडे टाकत राहिला. म्हणाला, “मला आपलं वाटलं होतं की तू त्यांना एकदा भेटून यावंस. पण बिंदू इतका पेटला होता, मग मी मागे कसा राहणार?” मग बिंदूला एकट्याला गाठलं. तो म्हणाला की मधूचा एवढा जोर पाहून त्याला लाज वाटली, आपणच थंड आहोत की काय अशी. आणि दोघांचंही म्हणणं पडलं की तू पिशवीचं लिहिलंस तेव्हा आम्ही जरा घाबरलोच.

म्हणजे आमच्या घरात ते लग्न कोणालाच नको होतं आणि ठरलं मात्र एकमतानं.

तुमच्या पत्रात अण्णांचं आणि अत्याबाईंचं वाचलं तेव्हा वाटलं की तुमच्याकडेही असंच असेल. तुम्ही हॉलच्या दारात उभ्या राहून सगळ्यांना एकदम “नको” म्हणालात. एकेकाला विचारून पाहा. अत्याबाईंना स्वयंपाकघरात, अण्णांना कचेरीहून येताना. हा सल्ला माझा एकट्याचा आहे, मेसमध्ये यावर चर्चा झालेली नाही.

चंद्रकांत खांबेटे

---

चामराजपेठ
१६ नोव्हेंबर १९५९

चंद्रकांत यांस,

मधली दोन्ही पत्रे पोचली. तुम्ही लिहिलेला बॉयलरचा किस्सा अत्याला वाचून दाखवला. ती हेमलतेवर फार खूश आहे.

आता बातमी. तुम्ही सांगितले तसे केले. घाई केली नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत एकेकाला गाठत राहिले. अत्या पुरणयंत्र फिरवता फिरवता म्हणाली, “मला कुठे तो आप्पाजी हवा आहे? पण तुझ्या काकांच्या मनात आहे.” काका पोथी गुंडाळत म्हणाले, शास्त्रात आप्पाजीच पाहिजे असे कुठे आहे, पण नरसिंहाला मुलीची काळजी लागली आहे. अण्णा रस्त्यातच थांबले आणि म्हणाले, मी गप्प बसलो होतो, बाकीच्यांना वाटले मी होकार दिला. हयवदनाला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी म्हणाला, “अक्का, स्कूटरवर मी बसवले होते. ते कोणी काढू नये म्हणून मी मोठ्याने बोलत होतो.” तो माझ्यापेक्षा मोठा आहे. घाबरला की मला अक्का म्हणतो.

मी प्रत्येकाला एवढेच म्हणाले, मग तुम्ही ते मोडा. पण हॉलमध्ये नको.

गेल्या मंगळवारी काका मठात म्हणून निघाले. अण्णा कचेरीला. अत्या गवीपुरला देवदर्शनाला. तिघेही होसकोट्याच्या बसमध्ये भेटले. अत्या सांगते की कोणी कोणाला ओळख दाखवली नाही, तिघे तीन बाकांवर बसून खिडकीबाहेर पाहत राहिले. गिरणीवर पोचले तर हयवदन तिथे आधीच बसून उप्पिट खात होता. अण्णांनी कसेबसे तोंड उघडले तेव्हा आप्पाजी हात जोडून म्हणाले की त्यांनाही दुसरे लग्न नकोच होते, त्यांच्या भावांनी आणि मेहुण्यांनी एका संध्याकाळी बसून ठरवून टाकले. तिथे सगळे जेवले. परत येताना चौघे एका बाकावर बसले म्हणे.

आजपासून मी पुन्हा शाळेत आहे. जटक्याने जाते.

आता एक अवघड गोष्ट लिहिते. जूनमध्ये तुम्ही मला स्कूटरवरचे एक गृहस्थ होता. सप्टेंबरात तुम्ही स्वतःला गाढव म्हणालात तेव्हा मला तुम्ही आवडलात. त्यानंतर मी काही लिहिले की तुम्ही लिहिता, अगदी मलाही असेच वाटते. मग मी त्याहून स्वल्प पुढचे लिहिते. दिवाळीच्या पत्रात आपण दोघे कुठपर्यंत आलो ते पुन्हा वाचून पाहा. मला आनंद होतो, आणि मग मला भीती वाटते. आपणही दोघांची बैठकच भरवली आहे. यातले माझे स्वतःचे किती आणि टपालाने चढलेले किती, हे मला कळत नाही. चार माणसांनी मला एका लग्नात ढकलले होते. दोन माणसांनी दुसऱ्यात ढकलू नये.

म्हणून संक्रांतीपर्यंत लिहायचे नाही. एकेकट्याने विचार करायचा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दोघांनीही पत्र टाकायचे, दुसऱ्याचे वाचण्याआधी. पटले तर याचे उत्तरही देऊ नका.

नीरजा

---

हलसूर
१५ जानेवारी १९६०

प्रिय नीरजा,

दोन महिने तुम्हाला लिहिलं नाही. पहिले काही दिवस तुमच्यावर चिडलो होतो. मग खरंच विचार केला. मेसमध्ये हा विषय काढायला बंदी केली. मधुकरला फार जड गेलं.

खरं ते लिहितो. दिवाळीत मला जेवढं वाटत होतं तेवढं आज वाटत नाही. तेव्हा मी लिहिलं होतं की तुमच्याशिवाय जगता येणार नाही. तर दोन महिने जगलो, वजनही वाढलं. पण कारखान्यात काही विनोदी घडलं की हे नीरजाला लिहू असं मनात येतं आणि लिहायचं नाही हे आठवलं की तो विनोद वाया गेल्यासारखा वाटतो. दुसऱ्या कोणाला सांगून भागत नाही. सांगून पाहिला.

तुमचा चेहरा मला धड आठवत नाही. स्कूटरवर तुम्ही माझ्या मागे बसला होतात. लग्नाबद्दल मी आज ठामपणे हो म्हणू शकत नाही, नाहीही म्हणू शकत नाही. मला तुम्हाला भेटायचं आहे. समोर बसून. हे उत्तर तुम्हाला कोमट वाटेल, पण यात दुसऱ्या कोणाचा विस्तव नाही.

चंद्रकांत

---

चामराजपेठ
१५ जानेवारी १९६०

चंद्रकांत,

मला तुमच्याशी लग्न करायचे आहे. हे कोणाला विचारून लिहिलेले नाही, तुम्हालाही नाही. तुमच्या पत्रात नाही असेल तर नाही. मी रडेन, मग शाळेत जाईन. पण माझे उत्तर तेच राहील, कारण ते माझे आहे.

नीरजा

---

हलसूर
२३ जानेवारी १९६०

नीरजा,

तुमचं पत्र उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. माझं पत्र परत मिळालं तर मी गिळून टाकेन. तुम्ही म्हणाल, “माझे वाचून तुमचे मत बदलले, म्हणजे पुन्हा दोघांची बैठक.” असू दे. मत बदलायला एक तरी माणूस लागतोच, आणि तुम्ही मोठ्यानं बोलला नाहीत, फक्त खरं बोललात.

काल दुपारी तुमच्या अण्णांच्या कचेरीत गेलो. एकटाच. सांगितलं की मी हेमलता. ते म्हणाले, अक्षरावरून वाटलंच होतं. मग मला खालच्या हॉटेलात नेलं आणि कॉफी मागवली. मी विचारायचं ते विचारलं. त्यांनी कॉफी बशीत ओतून निववली. मग म्हणाले, “माझ्या मुलीला तुम्ही काय विचारलेत?” मी म्हटलं, तिनंच मला सांगितलं. ते हसले. तुमच्यासारखं हसतात का हे मला ठाऊक नाही, पण आता तसंच धरून चाललो आहे.

म्हणाले, “सरी. माझ्याकडून हो. पण घरात मी सांगेन तेव्हाच या. आम्ही चौघे एकत्र बसलो की स्वल्प बिघडतो.”

चंद्रकांत

---

चामराजपेठ
१ फेब्रुवारी १९६०

प्रिय चंद्रकांत,

अण्णांनी एकेकाला वेगळे सांगायचे ठरवले होते. पण अत्याला सांगितले ते काकांनी ऐकले आणि काल रात्री हॉलमध्ये बैठक भरलीच. मी दारात उभी होते.

सुरुवात अत्याने केली. म्हणाली, मुलगा बरा वाटतो. अण्णा म्हणाले, बरा नाही, चांगला आहे, एकटा येऊन बोलला. हयवदन म्हणाला, चांगला काय, असा माणूस आख्ख्या बंगळुरात नाही, आणि त्याला शोधला मी. काका म्हणाले, पत्रिका मिळवून पाहायचीही गरज नाही, हा ऋणानुबंध आहे. कांद्याचे मी भीत भीत काढले तर काका म्हणाले, कांदा हा देशाचार. मग कोणी कोणाला आवरेना. लग्न माघातच. पाचशे पाने. नादस्वर तंजावूरचा. मधुकरांनी मंडपात भाषण करावे, त्यांचा आवाज चांगला आहे असे अत्याला आठवले. आप्पाजी तांदूळ पाठवणार आहेत, तेव्हा टंचाईची काळजी नको. लग्नानंतर तुम्ही आमच्याच घरी राहावे, मठाच्या विहिरीवर पंप बसवावा आणि दर एकादशीला काकांबरोबर पुराणाला बसावे, असेही ठरले आहे. एकमताने.

उद्या संध्याकाळी चौघेही तुमच्याकडे यायला निघणार आहेत. मेसमध्ये तुम्ही तिघे असाल. मिळून सात होतात.

हे पत्र सकाळच्या टपालाने जाईल, म्हणजे ते पोचायच्या आधी तुम्हाला मिळावे. वाचाल तेव्हा खोलीत दुसरे कोणी नसेल असे बघा. तुम्ही एकटे आहात तोवर सांगा, अजून हो आहे ना?

नीरजा